एका गाडीच्या दोन गाड्या

रनाळ्याच्या पितांबर आणि हेमकांत या सख्ख्या भावांची वाटणी सकाळी अकरापर्यंत अगदी सुरळीत चालली होती. शेत मोजून झालं, बैल गेले, भांडी गेली, आई धनुबाईचंही ठरलं : एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. मग कोणीतरी अंगणातल्या मोटरसायकलीकडे बोट दाखवलं आणि सगळं फिसकटलं.

गाडी वारलेल्या वडिलांची होती. दोघांनाही तीच हवी होती, आणि पैसे घेऊन हक्क सोडायला एकही तयार नव्हता.

"बानी गाडी शे, मी सोडनार नही," पितांबर म्हणाला.

"मंग मी काय शेजारना पोऱ्या शे का?" हेमकांतने विचारलं.

पंचांना जेवायला उशीर होत होता. त्यांनी वैतागून निवाडा दिला : सांगाडा थोरल्याचा, इंजिन धाकट्याचं. हे ऐकून भाऊ ओशाळतील अशी त्यांची कल्पना होती. भाऊ ओशाळले नाहीत, त्यांनी हत्यारांची पेटी काढली. कार्बोरेटर कोणाचं यावर पुन्हा अर्धा तास गेला. "टाकीमाईन पेट्रोल लेस, मंग ते टाकीनंच शे," असं पितांबरने ठासून सांगितलं आणि तो जिंकला. जाता जाता पेटीही वाटली गेली. पाने हेमकांतने घेतले, पेचकस पितांबरला मिळाले.

पुढच्या आठवड्यात पितांबरने भंगारातून सव्वाशे सीसीचं इंजिन आणून वडिलांच्या सांगाड्यात बसवलं. हेमकांतने तळोद्याहून एका सव्वाशे सीसी गाडीचा सांगाडा आणला, कार्बोरेटरसकट, आणि त्यात वडिलांचं शंभर सीसीचं इंजिन चढवलं. गावात आता एका गाडीच्या दोन गाड्या झाल्या, आणि दोन्हींपैकी एकही धड चालेना.

पितांबरची गाडी सुरू व्हायची, पण रेस दिली की खोकायची आणि गप्प व्हायची. चोक ओढून धरला तरच चार पावलं पुढे जायची. गॅरेजवाल्या छगनने प्लग बदलला, टॅपेट बसवले, पेट्रोलचा कॉक धुतला. शेवटी तो म्हणाला, "नाना, दुसरं कार्बोरेटर लाई देखू का?"

"ते बानं शे. त्याले हात लावानं नही."

"मंग बाले इचारा ती काबर चालस नही," असं छगन पुटपुटला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीकडे वळला.

हेमकांतची तऱ्हा उलटी. त्याची गाडी काळा धूर ओकायची आणि प्लग ओला, काळाकुट्ट निघायचा. छगन हा भावाचा मेकॅनिक, म्हणून हेमकांत त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही. नंदुरबारच्या मेकॅनिकला त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की इंजिन वडिलांचं आहे, त्यात दोष निघणार नाही. तेव्हा मेकॅनिकने इंजिन सोडून बाकी सगळं तपासलं. एअर फिल्टर काढून टाकल्यावर गाडी दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धुरात बुडाली. आपली गाडी बंद पडल्याचं दुःख दोघांनाही होतं. पण भिंतीपलीकडून दुसऱ्याच्या किका ऐकू आल्या की ते निम्मं व्हायचं.

यात धनुबाईचे डोळे अडकले. मोतीबिंदू इतका पिकला होता की ती चहात मीठ घालायची आणि सुनेला शेजारीण समजून सुनेचीच तक्रार सांगायची. नंदुरबारच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या शिबिरात तिचं नाव लागलं. सकाळी दहाच्या आत पोचायचं, नाहीतर पुढचं शिबिर चार महिन्यांनी.

"आत्याबाईले जीपवर जाऊ द्या," पितांबरची बायको रंजनाबाई म्हणाली.

"मन्ही गाडी काय मरेल शे?"

गाडी मेलेली नव्हती, मरणाच्या वाटेवर होती, एवढं रंजनाबाई मनात म्हणाली. महिना थोरल्याचा होता, म्हणून धनुबाई पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसली. पन्नास पावलांवर हेमकांत निघाला. त्याचं म्हणणं, थोरला आईला रस्त्यात टाकणार, तेव्हा उचलायला कोणीतरी हवं.

नंदुरबार आठ किलोमीटरवर राहिलं. मिरची वाळत घातलेल्या पथारीपाशी पितांबरची गाडी तीनदा खोकली आणि थांबली. हेमकांतने विजयाने रेस पिळली, आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून त्याचीही गाडी तिथेच बसली. सव्वानऊ वाजले होते. जीपा जात होत्या, पण टपावरसुद्धा माणसं होती. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून किका मारत राहिले. धनुबाई दगडावर बसून शिंकत होती आणि ऐकत होती.

"पितांबर," ती म्हणाली, "तुन्ही गाडी उपाशी शे."

"टाकी भरेल शे, माय."

"टाकी भरेल ऱ्हावो. तिन्हा पोटमा जात नही. चोक वढस तवय चालस ना? आनि हेम्यानी गाडीले अजीर्ण हुयेल शे, कच्चा पेट्रोलना वास आठलोंग ई ऱ्हायना. तुम्ही धाकला व्हतात तवय बी असंच. तू ताटवरथून उठी पये, नि हाऊ दोन्ही ताटं खाई टाके. त्या पेट्रोलन्या दोन्ही डब्या बदला."

दोघांच्याही डोक्यात एकदमच लख्ख उजेड पडला. छोट्या इंजिनाचं कार्बोरेटर मोठ्या इंजिनाला लागलं होतं, मोठ्याचं छोट्याला. दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही कळलं नसल्याचा चेहरा केला.

"बानं कार्बोरेटर मी त्याले देनार नही," पितांबर म्हणाला.

"माले त्यानं काही नको," हेमकांत म्हणाला.

धनुबाई उठली. पिशवी काखेत मारून ती डांबरी रस्त्याच्या बरोबर मधोमध चालायला लागली. समोरून उसाचा ट्रक हॉर्न देत येत होता.

"माय, बाजूले हो," दोघे ओरडले.

"दिसस कोनले? तुम्ही डब्या बदला, नही तं मी अशीच चालत जास. ट्रकवाला नंदुरबारले लई जाई, नही तं वर लई जाई."

तिने सांगितलं आणि चाल थांबवली नाही. दोघांनी दोन दंड धरून तिला दगडावर परत आणलं आणि आपापली हत्यारं बाहेर काढली.

आता अडचण अशी, की नट सोडवायचे पाने धाकट्याकडे आणि स्क्रू काढायचे पेचकस थोरल्याकडे. आणि वाटणीपासून सात महिने दोघांचं बोलणं तर बंद.

"माय, त्याले सांग, दहाना पाना दे."

"माय, त्याले सांग, पाना मन्हा वाटाना शे. पहिले पेचकस दे म्हना."

"एकच टाईमले द्या," धनुबाई म्हणाली. "मी मोजस. एक, दोन, तीन."

तीनला हत्यारांची अदलाबदल झाली. हातभर अंतरावर बसलेले दोघे पुढची पंधरा मिनिटं आईमार्फत बोलत होते, नळी कुठली, क्लिप कुठली, केबल उलटी लागली आहे. नंतर किक बसली. पितांबरची गाडी एका दमात उठली आणि चोक न ओढता गुरगुरत राहिली. हेमकांतच्या गाडीचा धूर गेला. दोघांच्याही चेहऱ्यावर आनंद आला होता आणि दोघांनीही तो शर्टाच्या बाहीने पुसला. दहाला पाच कमी असताना धनुबाई शिबिराच्या दारात उतरली. नोंदवहीत सोबत्याचं एकच नाव चालेल म्हटल्यावर दोघेही हटून बसले, म्हणून तिने कोणाचंच लिहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी काढली. खाट खिडकीपाशी होती. धनुबाईने डोळा दोनदा मिचकावला आणि बाहेर पाहिलं. आवारात हेमकांतच्या गाडीपाशी दोन डोकी एकमेकांना जवळजवळ टेकली होती.

"अर्धा आटा सांगा व्हता तुले. पुरा काबर फिरावना?"

"भाऊ, तू रेस नीट धर ना पहिले."

"मीच धरी ऱ्हायनू. तुले आवाज समजस नही, बा म्हने ते खरं."

"बा तुलेच म्हने ते."

मध्ये आई नव्हती. थेट एकमेकांच्या तोंडावर दोघे कडाकडा भांडत होते, आणि सात महिन्यांत धनुबाईने इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

"आजी, दिसतंय का नीट?" नर्सने विचारलं. "मुलांना आत बोलावते, त्यांना काळजी लागलीय."

धनुबाईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"काही दिसत नही," ती म्हणाली.

नर्स घाबरली. "काहीच नाही? थांबा, डॉक्टरांना..."

"हाळू बोल, बाई. समदं दिसस. त्या धाकलाना कानले काळं लागेल शे, ते बी दिसस." तिने खिडकीवरची नजर हलवली नाही. "पन आज सांगू नको त्यासले. आते कोठे बोलाले लागनात."

हातातल्या तपासणीच्या कागदावर 'दिसतं' लिहावं की 'दिसत नाही', हे नर्सला बराच वेळ कळेना.