झेंडू समाधानी आहे

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर बाग करण्याचा निर्णय नियमानुसार झाला. त्या मातीत शिसे आणि कॅडमियम मर्यादेच्या अकरा पट आहे, हा अहवालही नियमानुसारच आला. मात्र तो निर्णयानंतर चार दिवसांनी आला, म्हणून चूक अहवालाची ठरली.

अहवाल लिहिणारे माती-तपासनीस बावीस वर्षे नोकरीत होते. एवढ्या काळात त्यांनी एकदाच टेबलावर मूठ आपटायची ठरवली होती. तेव्हा नेमका तिथे चहाचा कप होता. आताही ते उद्यान अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेले, घसा खाकरला आणि मधला मार्ग सुचवला.

"साहेब, झेंडू लावू या. त्याला असली माती चालते. विष ओढून घेतो आणि वर मजेत फुलतो. फक्त झाडं वाळली की विषारी कचऱ्यात टाकायची. खत अजिबात करायचं नाही."

"तुमचं ते 'फक्त' मला आवडलं नाही," अधीक्षक म्हणाले, "पण झेंडू आवडला."

झेंडू असा फुलला की लोक फोटो काढायला येऊ लागले. अधीक्षकांनी फाइलवर शेरा मारला: 'झाडे समाधानी आहेत, सबब माती निर्दोष आहे.' तपासनिसांनी तो तीनदा वाचला आणि खाली सही केली. आपलं आणि या झेंडूचं गोत एकच, असं त्यांच्या मनात आलं. आत काय वाट्टेल ते साठवायचं आणि वर हसतमुख राहायचं. या विचाराने त्यांना लाज वाटायला हवी होती. थोडं बरंच वाटलं.

मग झाडं वाळली. विषारी कचरा उचलण्यासाठी माती विषारी असल्याचा दाखला लागत होता आणि फाइलमध्ये तर ती निर्दोष होती. निर्दोष मातीतली झाडं म्हणजे साधा बागकचरा, आणि बागकचऱ्याचं खत करणं परिपत्रकाने सक्तीचं. खत झालं. 'बागेकडून, प्रेमाने' असं छापलेली दोन किलोची पिशवी, प्रत्येक घराला एक, मोफत.

"साहेब, ते खत..."

"फाइलवर सही तुमचीच आहे ना?"

"आहे."

"मग स्वतःच्या सहीवर तरी विश्वास ठेवा."

त्यांनी विश्वास ठेवला. तो अडीच महिने टिकला. एका संध्याकाळी ते घरी आले, तर गॅलरीत नात उभी होती, गालात लालभडक टोमॅटो.

"आजोबा, मी लावलेला!"

कुंडीशेजारी ती खताची पिशवी दिसली. त्यांनी नातीच्या तोंडात बोट घालून टोमॅटो बाहेर काढला. पोरीने भोकाड पसरलं. बायको धावत आली.

"अहो, वेड लागलंय का?"

"विष आहे त्यात! उद्या हिचं रक्त तपासून घ्यायचं."

"मग पिशवीवर लिहिलं का नाही?"

"उद्या सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. बायकोलाही त्या चहाच्या कपाची हकीकत माहीत होती.

सकाळी कुंडी कापडी पिशवीत घालून ते बागेत गेले. जिथलं तिथे टाकावं, हा विचार. वाफ्यापाशी अधीक्षक उभे होते, काखेत कुंडी. मागून हेडक्लार्क आले, दोन्ही हातांत कुंड्या.

"फिरायला?" अधीक्षकांनी विचारलं.

"हो, फिरायला."

"हवा छान आहे."

मग ज्येष्ठतेनुसार कुंड्या रिकाम्या करण्यात आल्या.

तपासनिसांनी त्या दिवशी खरोखरच नागरिकांसाठी सूचना लिहिली आणि मंजुरीला पाठवली. 'घबराट पसरेल' असा शेरा घेऊन ती दुपारी परत आली. त्यांनी ती नीट फाइलला लावली. आपण लिहिलं तर होतं, या समाधानात ते घरी गेले आणि नातीच्या रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

तुमच्या गॅलरीतले टोमॅटो कसे आहेत? छानच आले असतील. त्या खतात काय आहे, हे तपासनिसांनी सांगितलं नाही, हे खरं. पण पिशव्या वाटताना ते तिथेच टेबलामागे उभे होते आणि रांगेत तासभर थांबून तुम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला होता: एका घराला दोन मिळतील का?