कपाटातली सोप्रानो

सौदीतल्या यान्बूला, रिफायनरीच्या वसाहतीच्या कंपाउंडात नूपुर कपाटात तोंड घालून गायची. मिलानला शिकलेली सोप्रानो ती, म्हणजे बायकांतला सगळ्यांत चढा आवाज. दोन-तीन ऑपेरांत गायली, पुढच्याआधी लग्न झालं. उदय रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. गाऊ नकोस असं तो कधीच म्हणाला नाही; भिंती पातळ आहेत, जरा हळू, एवढंच म्हणाला. तेव्हापासून पुण्याहून आणलेले, इथं कधीच न लागलेले त्याचे कोट हेच तिचे श्रोते. दाद देत नसत, पण उठूनही जात नसत.

एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. उदय क्लबात टेबल टेनिस खेळत होता. एसी बंद पडले, नूपुरनं खिडक्या उघडल्या, आणि बाहेरची शांतता ऐकून तिला राहवेना. तिनं आवाज मोकळा सोडला. वरचा सूर, त्यावर मिलानमध्ये घोटलेला कंप.

कंपाउंडातल्या माणसांना झोपेतही कळतं, की हेलकावणारा भोंगा म्हणजे गॅसगळती आणि सरळ, लांब भोंगा म्हणजे धोका टळला. त्यात वीज गेलेली. बघता बघता सगळे मैदानावर जमले. शेजारचा मनीष अर्ध्या दाढीनं आला, हाजराआपा कुकर घेऊन. पळापळ दिसली म्हणून नूपुरही धावली.

डोकी मोजणारा उदय वैतागला. "कुठं होतीस? तुझ्यापायी मोजणी अडली. भोंगा ऐकू नाही आला?"

"भोंगा मीच होते, उदय."

"चेष्टा नको गं. माणसं उन्हात उभी आहेत."

त्यानं कंट्रोल रूमला फोन लावला. आम्ही भोंगा दिलाच नाही, तेव्हा धोका टळल्याचा कसा देणार, असं उत्तर आलं. आणि तो वाजल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा नियम खुद्द उदयचा.

"वहिनी, इकडं सावलीत या," मनीष म्हणाला. "आता इथंच म्हातारं व्हायचंय."

मुलं रडकुंडीला आली तेव्हा उदय तिच्याजवळ आला. "खरंच तू होतीस?"

"हो."

"मला ओळखू नाही आला." त्यानं रडवेल्या मुलांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सरळ सूर जमेल? कंप न लावता?"

नूपुर बाकावर चढली. मिलाननंतर इतके चेहरे एकदम तिच्याकडं वळले नव्हते. तिनं डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्या एका सुराला दिला.

डोळे उघडले तेव्हा मैदान रिकामं होतं. हाजराआपाचा कुकर तेवढा वळणावर दिसला, मग तोही गेला.

"जमलं हं," उदय सेफ्टी जॅकेटची घडी घालत खुशीत म्हणाला. "एकही माणूस मागं राहिला नाही."

घरी येऊन नूपुरनं कपाट उघडलं. कोट जागच्या जागी होते.