छापील प्रतीत नसलेलं वाक्य

येमूल अण्णांसमोर बोलताना मध्येच थांबायची सोय नाही. तुम्ही नुसता श्वास घ्यायला थांबलात तरी अण्णांना वाटतं, तुमचं वाक्य अडलं. लगेच ते अर्धं पाऊल पुढे येतात, मान किंचित वाकवतात आणि ओठ जवळजवळ न हलवता तुमचं पुढचं वाक्य तुमच्या हाती देतात. आवाज नाही, नुसती वाफ. पण ऐकू स्वच्छ येतं, आणि वाईट याचं वाटतं की वाक्य बहुतेक वेळा बरोबर असतं.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात माझे मामा दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि "आजच्या या मंगल प्रसंगी" एवढ्यावरच गाडी अडली. मंडपाच्या खांबाआडून वाफ आली, "दोन घराण्यांचा ऋणानुबंध जुळतो आहे." मामांनी तेच म्हटलं. पुढची सात मिनिटं मामा अण्णांच्या जिवावर बोलले. तेव्हापासून आपण छान बोलतो असा मामांचा समज झालाय आणि ते कुठल्याही लग्नात माईक सोडत नाहीत.

बँकेतही तेच. तिथल्या मॅडम चष्मा शोधत म्हणाल्या, "अण्णा, तुमचा तो हा..." अण्णा म्हणाले, "हयातीचा दाखला." "हां. म्हणजे तुम्ही अजून..." "हयात आहे," अण्णांनी वाक्य पुरं करून दिलं.

पण खरी कमाल झाली आमच्या इमारतीतल्या कुलकर्णी आजी गेल्या तेव्हा. समाचाराला आलेली माणसं गप्प बसतात, बसायचंच असतं. अण्णांना मात्र त्या शांततेत दरदरून घाम फुटला. सगळेच्या सगळे आपली वाक्यं विसरलेत असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी राहवेना, तेव्हा ते आजींच्या थोरल्या मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि वाफेतून म्हणाले, "फार सोसलं तिनं." मुलगा म्हणाला, "फार सोसलं तिनं," आणि दोन दिवस कोरडा असलेला तो माणूस ओक्साबोक्शी रडला. आजींच्या सुनेनं त्याबद्दल अण्णांना अजून माफ केलेलं नाही.

याचं कारण सरळ आहे. अण्णा प्रॉम्प्टर होते. दिवसा चादरीच्या कारखान्यात तपासनीस. विणून आलेली चादर टेबलावर पसरायची आणि कुठे धागा सुटलाय ते शोधायचं. संध्याकाळी आमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळात, विंगेत स्टुलावर वही घेऊन. घर गावाच्या पूर्व भागातलं, पद्मशाली विणकरांचं, घरात बोली तेलुगू. मंडळाच्या मॅनेजरनं सुरुवातीला नाक मुरडलं होतं, म्हणे तेलुगू माणूस मराठी नाटकाला काय प्रॉम्प्ट करणार. अण्णांनी त्याला 'संगीत रत्नमेखला'चे पाचही अंक तोंडपाठ म्हणून दाखवले, पदांसकट. मॅनेजरकडे त्या नाटकात द्वारपालाचं काम होतं. त्याची स्वतःची दोन वाक्यं चुकत होती, तीही अण्णांनी दुरुस्त करून दिली.

"पुढचं वाक्य हाताशी पाहिजे, बाई," अण्णा मला नेहमी सांगतात. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून त्यांच्या लेखी मी बाई. "माणूस कधी अडंल सांगता येत नाही की."

'रत्नमेखला' म्हणजे आमच्या पिढीचं दैवत. आजही कुर्डुवाडीपासून मंद्रूपपर्यंत कुठेही जा, पन्नाशीच्या वरचा माणूस तुम्हाला त्यातलं एखादं पद ऐकवल्याशिवाय चहा देणार नाही. आमचा तर रीतसर गटच आहे, फोनवरसुद्धा. रविवारी सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चौघं जमतो: अण्णा, मी, जुन्या मंडळात तबला वाजवणारे रशीदभाई आणि देशपांडे वकील. वकिलांकडे नाटकाच्या पहिल्या आवृत्तीची छापील प्रत आहे. ते ती मलमलीच्या रुमालात गुंडाळून आणतात आणि हात धुतल्याशिवाय कुणाला लावू देत नाहीत.

अशा या गटावर मागच्या वर्षी बातमी कोसळली की 'रत्नमेखला'वर सिनेमा निघतोय.

त्या दिवसापासून कुणाच्या जिवाला स्वस्थता नाही. रशीदभाईंचं दुःख तबल्याचं. झलक ऐकल्यापासून ते एकच पालुपद लावून बसले होते, "साठ व्हायोलिनं हायेत म्हणं. तबला कुटं हाय त्यात? शोधून दावा मला." वकिलांना नायिका चिखलात नाचताना दिसली होती आणि पहिल्या अंकात चिखल कुठेही नाही, हे ते प्रतीवर बोट ठेवून सांगत होते. अण्णांनी तर अंथरूणच धरायचं बाकी ठेवलं होतं. पहाटे पाचला माझ्या फोनवर त्यांचे निरोप येत. दुसऱ्या अंकातली विदूषकाची स्वगतं ठेवतील का. तिसऱ्या अंकातलं पत्र पुरतं वाचतील का. पित्त वाढलं, जेवण तुटलं, डॉक्टरांनी विचारलं काही टेन्शन आहे का, तर म्हणाले, "आहे की. पटकथेचं."

सगळ्यांत कडवे अण्णाच. एकदा तालमीत एका नटानं 'चंद्रमा' ऐवजी 'चंद्र' म्हटलं, तर अण्णांनी वही मिटून तालीम बंद पाडली होती. लेखकानं लिहिलं तेवढंच आणि तसंच, हा त्यांचा धर्म. त्यामुळे दिग्दर्शकाची मुलाखत आली तेव्हा मला वाटलं, आता तरी अण्णांना झोप लागेल. दिग्दर्शक म्हणाला होता की रंगभूमीवर वर्षानुवर्षं नटांनी नाटकात जी पदरची वाक्यं घुसडली, ती सगळी काढून मी मूळ छापील संहितेकडे जाणार आहे.

वकिलांनी त्या रविवारी पेढे आणले. रशीदभाईंनी तबल्याचं दुःख बाजूला ठेवून दोन खाल्ले. अण्णांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले. मग म्हणाले, "छापील म्हणजे काय? नाटक म्हणजे काय पुस्तक हाय का?"

वकील म्हणाले, "अण्णा, हे तुम्ही बोलताय?"

"बोलतोय की. लोकांच्या तोंडात बसलेलं वाक्य काढायचा अधिकार कुणाचा?"

"कुठलं वाक्य?"

अण्णा काही सांगेनात. वकील उलटतपासणीला उतरले. रुमाल सोडला, प्रत उघडली, कुठल्या अंकातलं, कुठल्या प्रवेशातलं, कुणाच्या तोंडचं असे प्रश्न सुरू झाले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला वाक्य पुरवलं, त्याला स्वतःचं एक सापडेना. पेढा मला देऊन ते उठून गेले. दुपारी फोनवर दिसलं, अण्णांनी गट सोडला. पुढच्या रविवारी मात्र ते वेळेवर बागेत आले आणि आमच्या शेजारच्या बाकावर बसले. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. रशीदभाईंना एका पदाची ओळ आठवेना, तर शेजारच्या बाकावरून वाफ आली. गट सोडलेल्या माणसाकडून ओळ घ्यावी की नाही, यावर वकील पाच मिनिटं विचार करत होते.

मग एका संध्याकाळी अण्णा माझ्या दारात उभे राहिले. दिग्दर्शकाला पत्र लिहायचं होतं, शुद्ध मराठीत, म्हणून बाईंकडे आले होते. तिथे मला ते वाक्य कळलं. चौथ्या अंकाच्या शेवटी नायक घर सोडून निघतो आणि नायिका म्हणते, "जा. मी अडवणार नाही." छापील प्रतीत त्यानंतर तिला अर्धं पान उपमा आहेत, वणवा, हरिणी, वादळातली नौका. पण रंगभूमीवर गेली कित्येक वर्षं ती उपमा-बिपमा काही म्हणत नाही. ती म्हणते, "जा. मी अडवणार नाही. पण या दाराला कडी मी घालणार नाही." आणि पडदा पडतो. सगळं थिएटर रडतं. ते वाक्य लेखकाचं नाही, हे मराठी शिकवणाऱ्या मला त्या दिवशी समजलं.

मी विचारलं, मग कुणाचं. अण्णा म्हणाले, "प्रेक्षकांना आवडतं. तेवढंच लिहा, बाई."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. अण्णा रोज दुपारी टपालपेटी उघडून बघायचे, आणि ती रिकामी निघाली की माझ्याकडे असं बघायचे की जणू माझ्याच हस्ताक्षरात काही खोट होती.

सिनेमा लागला तेव्हा पहिल्याच दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. वकिलांनी चार तिकिटं काढली होती, सोडून गेलेल्या सभासदाचंही. अण्णांनी कडेची खुर्ची मागून घेतली. सिनेमा वाईट नव्हता, हे मी आमच्या गटात कधी बोलणार नाही. रशीदभाईंना दोन ठिकाणी तबला सापडला. अण्णांनी मात्र पहिल्या तीन अंकांत काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या खुर्चीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की मला माझा हात ठेवायला जागा नव्हती.

चौथ्या अंकाचा शेवट आला. नायक वळला. नायिका म्हणाली, "जा. मी अडवणार नाही." आणि गप्प झाली. दिग्दर्शकानं उपमाही गाळल्या होत्या. पडद्यावर नुसता तिचा चेहरा आणि शांतता. एक, दोन, तीन सेकंद. अण्णांचा श्वास मला ऐकू येत होता. ते आता बोलणार, हे मला माहीत होतं, आणि लोक हसतील हेही.

पण त्यांच्याआधी मागच्या रांगेतून एका बाईचा हलका आवाज आला, "पण या दाराला कडी मी घालणार नाही." तिच्याच शेजारी आणखी एक. मग डावीकडून एक पुरुष. कुणी ठरवून नाही, कुणी मोठ्यानं नाही, पण दहा-बाराजणं तरी असतील. अण्णा खुर्चीत अर्धे उठले आणि मागे वळून अंधारात बघत राहिले. तीस वर्षं विंगेत बसलेल्या त्या माणसानं प्रेक्षक असे समोरून बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

बाहेर आलो तर वकील तणतणत होते. ते वाक्य काढायला नको होतं, कुणी का घुसडलेलं असेना, असं ते म्हणत होते. स्वतःची छापील प्रत ते साफ विसरले होते.

"कुणी का असेना नाय, वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "आमच्या घरातलं हाय ते."

मग सात रस्ता चौकाच्या उन्हात, रिक्षांच्या गोंगाटात, अण्णांनी सांगितलं. बायको सत्यम्मा. दिवसभर विड्या वळायची. हे संध्याकाळी नाटकाला पळायचे. एका संध्याकाळी मोठं भांडण झालं, पोरगं तापानं फणफणलेलं आणि हे निघालेले. दारात ती म्हणाली, जा, मी अडवत नाही, पण कडी घालणार नाही दाराला. त्या दिवशी पुण्याहून पाहुणी नायिका बोलावली होती. अण्णा विंगेत बसले, पण चित्त घरात. चौथ्या अंकात वहीची दोन पानं एकदम उलटली आणि नेमकी तिथेच ती पाहुणी बाई अडली. सगळ्या आयुष्यातली अण्णांची ती एक चूक. पान सापडेना, आणि तोंडात होतं तेच बाहेर पडलं, मराठीत. बाईनं ते म्हटलं. थिएटर स्तब्ध झालं आणि मग टाळ्या थांबेनात. खेळानंतर बाईनं विचारलं तर अण्णा म्हणाले, वहीत आहे. ती ते वाक्य पुण्याला घेऊन गेली, आणि तिथून ते सगळीकडे गेलं.

सत्यम्मानं पुढच्या खेळाला ते ऐकलं. घरातलं बोलणं हजार माणसांत मांडलं म्हणून दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी विचारलं, परत कधी आहे खेळ? मग एकही चुकवला नाही. चौथा अंक संपला की उठून घरी जायची, पाचवा तिनं कधी पाहिलाच नाही.

"तिला जाऊन नऊ वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "फोटो हाय. आवाज कुठं भरून ठेवलेला नाय. ती बोललेलं जगात तेवढंच एक राहिलं होतं. म्हणून जीव टांगणीला लागला होता, बाई. पण आज ऐकलं की नाय सगळ्यांनी?" ते हसले. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

वकिलांचा आवाज खाली आला होता. त्यांनी विचारलं, "वहिनी नेमकं काय म्हणाल्या होत्या, अण्णा? त्यांच्या तेलुगूत?"

अण्णांनी मान वर केली. "तलुपु," ते म्हणाले. "म्हणजे दार. तलुपु..." ओठ हलत राहिले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा म्हणाले, "तलुपु."

रशीदभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मराठीतलंच ऐकत आलो की मी इतकी वर्षं," अण्णा हळूच म्हणाले. "तिचं कुठं गेलं?"

मला रडू आवरेना. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे होतो, आणि पुढचं कुणालाच येत नव्हतं.