सत्तर दारं फिरलेला फोन

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीच्या ऑफिसात दुपारी दोननंतर काम करणं जरा अशिष्टच समजलं जाई. खिडक्यांना जाड पडदे, भिंतींना टेकवलेले कापसाचे थर, आणि बोललेला शब्द दोन टेबलं ओलांडेपर्यंत स्वतःच पेंगायला लागे.

जागा असे तो एकटा फोनवाला. इंटरनेटवर चालणारे तिथले सगळे फोन त्यानेच बसवले होते आणि त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. मोठे साहेब जेवण झालं की नमुन्यांच्या खोलीत गाद्यांची 'तपासणी' करायला जात आणि तिथला फोन हिशेबनिसांकडे वळवून ठेवत. साहेब झोपलेले असताना आपण जागं राहणं बरं दिसत नाही, म्हणून हिशेबनीस आपला फोन तक्रारी घेणाऱ्या मावशींकडे वळवत. मावशींचं म्हणणं एकच, "फोनची कटकट ती फोनवाल्याची." त्यांचा फोन फोनवाल्याकडे. तेव्हा झोप न येणारं अख्खं जग शेवटी त्याच्या कानात येऊन पडे, आणि तो प्रत्येकाला शांतपणे सांगे, "गादी उलटी करून बघा."

त्या बुधवारी मात्र त्याचाच जीव टांगणीला लागला होता. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने वाचनालयातल्या बाईंना लग्नाचं विचारलं होतं. ओळख झाली ती तिथला फोन दुरुस्त करताना. बाईंनी हळूच विचारलं होतं, "आवाजाच्या आधी काय जातं हो यातून?"

"आधी विचारणा जाते, बोलायला येता का म्हणून. पलीकडून कळतं, घंटी वाजतेय, जरा थांबा. मग कुणी उचलला की, हो, बोला. त्यावर आपण 'बरं, कळलं' म्हणायचं. मग आवाज निघतो."

"म्हणजे न विचारता कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. छान आहे हो."

त्या 'छान आहे हो'वर फोनवाल्याने तीन महिने काढले आणि एक दिवस विचारून बसला. बाई म्हणाल्या, "बुधवारी तीनला ऑफिसात फोन करते. पण उचलला नाहीत, तर तुमचाच विचार बदलला असं समजेन. मग तो विषय पुन्हा नको."

फोनवाल्याची खोली तळघरात. मोबाइलला तिथे रेंज नाही, आणि यंत्रांच्या पंख्यांची घरघर अशी की कुजबुजलेला होकार विरूनच जावा. म्हणून त्याने एक शहाणपणा केला. आपला फोन नमुन्यांच्या खोलीतल्या फोनवर वळवला आणि पावणेतीनला चवड्यांवर चालत वर गेला. साहेब खिडकीखालच्या गादीवर कुशीवर झोपले होते. हा शेजारच्या गादीच्या काठावर फोन मांडीवर घेऊन बसला.

पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू सावकाश तरंगत होते. साहेबांचा श्वास येत होता, जात होता. 'काठावर बसलं की पाठ दुखते,' असं म्हणत फोनवाला जरासा मागे सरकला, आणि त्याचा डोळा लागला.

त्याला दिसलं, एक बाई हातात पांढरं पाकीट घेऊन दारं ठोठावतेय. पहिल्या दारातून कुणी म्हणालं, "ते वरच्या खोलीत गेलेत." वरच्या खोलीने सांगितलं, "हिशेबनिसांना विचारा." हिशेबनीस म्हणाले, "मावशींकडे." आणि मावशी लोकर विणत म्हणाल्या, "अगं, फोनवाल्याकडे जा की!" बाई पुन्हा पहिल्या दाराशी आली. न रागावता, न थकता ती फिरत होती, आणि फोनवाल्याला झोपेतही तिची फार माया आली. 'बिचारी,' त्याला वाटलं, 'कुणाच्या ऑफिसात अडकलीय कोण जाणे.' मग त्याने ती दारं नीट पाहिली आणि ताडकन उठून बसला.

तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आजवर सगळे फोन ज्याच्यापाशी येऊन थांबत, तोच आज वळून बसला होता. साहेबांनी रोजच्यासारखा हिशेबनिसांकडे वळवलेला मांडीवरचा फोन वाजणार कसा?

तळघरात जाऊन त्याने नोंदी पाहिल्या. वाचनालयातून चार विचारणा आल्या होत्या. प्रत्येक सत्तर दारं फिरली होती, आणि सत्तरीनंतर यंत्राने, फार फिरलात, आता पुरे, म्हणून तिला परत पाठवलं होतं. त्याने वाचनालयाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

घाईघाईत त्याने सगळ्यांचीच वळणं काढून टाकली. दुसऱ्या क्षणी तुंबलेली गिऱ्हाइकं एकदम कोसळली. वरचे सगळे फोन एका दमात वाजले. मावशींची लोकर सुटून दारापर्यंत गेली, हिशेबनीस "हजर!" म्हणून उभे राहिले आणि साहेब गादीवरून खाली आले.

"फोन बंद होते?" फोनवाल्याने वर येऊन झाला घोटाळा सांगताच साहेब गरजले. "किती वेळ?"

"तासभर, साहेब."

"आणि एकानेही तक्रार केली नाही?"

"तक्रार करायला फोन लागतो, साहेब."

यावर साहेब काय बोलले असते कोण जाणे, पण लोकर ओलांडत वाचनालयातल्या बाई दारातून आत आल्या. फोनवाल्याच्या गालावर गादीच्या शिलाईची रेघ उमटली होती. बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"माझा विचार नाही बदललेला," तो घाईने म्हणाला. "फोन गोल फिरत होता. चूक माझीच."

"मी नाही म्हणायलाच फोन केला होता," बाई हळूच म्हणाल्या. "एवढ्या वर्षांची शांततेची सवय. वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं होतं. चार वेळा फोन लावला, चारही वेळा ते वाक्य तसंच परत आलं. पाचव्यांदा मनात म्हणून पाहिलं, तर मलाच ते खोटं वाटायला लागलं. म्हणून म्हटलं, जाऊनच..."

तेवढ्यात साहेबांना दारातलं गिऱ्हाईक दिसलं. केस सारखे करत ते पुढे झाले. "या, या बाई! गादीच बघायची ना? एकट्यासाठी की दोघांसाठी?"

बाईंनी एकदा फोनवाल्याकडे पाहिलं. सगळे फोन वाजत होते, तरी त्यांचा तो वाचनालयातला आवाज त्याला अगदी स्वच्छ ऐकू आला.

"दोघांसाठी दाखवा."