साडेचार तोळ्यांची शेगडी

"घरात दोन बर्नरची शेगडी हाय. गच्चीवर पाणी तापवायला चूल हाय. आता तिसरी कशाला?" करुणाने भाकरी थापता थापता विचारले आणि विषय तिथेच संपला, असे तिला वाटले.

प्रज्ञेशला तसे वाटले नाही. हिंगोलीच्या एका सरकारी कचेरीत कारकून असलेला हा सरळमार्गी माणूस चाळिशी उलटल्यावर डोंगर चढायला निघाला होता. त्याच्या कचेरीतल्या रणजीतने सात जणांचा गट जमवला होता. नाशिककडचा एक गड चढायचा, वर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचे. कामे वाटली गेली तेव्हा प्रज्ञेशच्या वाट्याला चहा आला. गडावर लाकडे पेटवायला बंदी, म्हणून गॅसच्या छोट्या डब्यावर पिळून बसवायची शेगडी न्यायची होती.

"हलकी बघ बरं," रणजीतने बजावले होते. "खाली जो ग्रॅम असतो, तो चढावर किलो होतो." रणजीत स्वतः नव्वद किलोचा होता, पण वाक्य वजनदार होते आणि ते प्रज्ञेशच्या मनात घर करून बसले.

त्या दिवसापासून प्रज्ञेश शेगड्यांकडे अत्यंत गंभीरपणे बघू लागला. मोबाइलवर हाताच्या बोटाएवढ्या शेगड्या होत्या, पाय मिटणाऱ्या, खटका दाबला की पेटणाऱ्या. प्रत्येकीखाली वजन लिहिलेले. पण लिहायला कुणाच्या बापाचे काय जाते? मागवायची, स्वतः जोखायची आणि जड निघाली तर परत पाठवायची, असे त्याने ठरवले. पहिली शेगडी त्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली. तिथल्या काट्याला पंख्याचा वारासुद्धा माल वाटायचा. शेगडी ठेवली की पन्नास, पंखा फिरला की शंभर.

ग्रॅमचा हिशेब कळणारा काटा साऱ्या बाजारात एकाकडेच होता, तो म्हणजे विश्वंभर सोनाराकडे. विश्वंभर प्रज्ञेशचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या काट्याला काचेची पेटी होती, तिच्यात वाऱ्याला मज्जाव. शिवाय पार्सल घरी आले तर करुणाच्या हाती लागणार, म्हणून पुढची पार्सलेही सोनाराच्याच पत्त्यावर येऊ लागली. कचेरी सुटली की प्रज्ञेश मान खाली घालून दुकानात शिरायचा आणि इकडे तिकडे बघून बाहेर पडायचा. विश्वंभरही या कामात रंगला. त्याचे आयुष्य सोने तापवायच्या ज्योतीपुढे गेलेले. दुकानामागच्या अंगणात तो एकेक शेगडी पेटवून बघायचा, आणि तिचा जाळ बघून पोरगी बघायला गेलेल्या मामासारखी मान हलवायचा.

एके संध्याकाळी प्रज्ञेशच्या गल्लीतल्या शकुंतलाबाई तुटलेले पैंजण घेऊन त्या दुकानाच्या दाराशी आल्या. आत प्रज्ञेश पाठमोरा बसला होता. विश्वंभरने चिमट्याने काहीतरी लखलखते उचलून काट्यावर ठेवले.

"हे जरा जडच वाटून राहिलं," प्रज्ञेश म्हणाला.

"मग हे बघ. साडेचार तोळे, बराबर. याच्याहून हलकं तुला अख्ख्या मराठवाड्यात दिसणार न्हाई." आयुष्यभराची सवय, विश्वंभर गूळसुद्धा तोळ्यात सांगायचा.

"टिकंल ना?"

"पिढ्यान्‌पिढ्या. गंज न्हाई की झीज न्हाई."

"मग हेच ठरलं. पण करुणाला काही कळू देऊ नको. वेळ आली की मीच सांगतो."

शकुंतलाबाई पैंजण न देताच मागे वळल्या. असली बातमी पोटात घेऊन दुकानात बसणे त्यांच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. त्या तडक प्रज्ञेशच्या आईपुढे, जनकाबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या पोरानं? सोनं?" जनकाबाईंनी बाजेवरून पाय खाली सोडले.

"साडेचार तोळे! या कानांनी ऐकलं, या डोळ्यांनी बघितलं. आता तुमच्या लग्नाच्या वाढदिवसालाच देणार बघा."

"माझ्या कशाच्या बाई? त्याच्या म्हण."

"तेच की! पण करुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणला. तुमी कुणाला बोलू नका."

जनकाबाई बोलल्या नाहीत. दिवे लागेपर्यंत त्या अजिबात बोलल्या नाहीत. दिवे लागले, मग त्यांनी सुनेला जवळ बसवून सगळे सांगितले. त्याला समजू द्यायचे नाही, त्याच्या हौसेवर पाणी पडेल, ही अटही घातली.

"काहून गरिबाची चेष्टा करता, आत्याबाई," करुणा हसून म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर मात्र तिने तोंडाला पदर लावला. तिने कधी काही मागितले नव्हते. आधी घर बांधले, मग पोरीला शिकायला नांदेडला ठेवले, आणि करुणाच्या गळ्यात लग्नातले चार मणी होते तेच राहिले. लग्नकार्यात जावा-नणंदा एकमेकींचे दागिने हातात घेऊन बघायच्या, तेव्हा ती वाढायला उठायची. आणि या माणसाने, ज्याला घरात मीठ संपलेले कळत नाही, त्याने मनात एवढे ठेवले होते! तिला इतका आनंद झाला की पिठलं खाली लागले.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञेशच्या भाकरीवर तूप आले. बुटांना पॉलिश झाले. चौथ्या दिवशी करुणा आपणहून म्हणाली, "डोंगरावर जायचं म्हणत होता ना? जा की. मन रमंल."

प्रज्ञेशला घास लागला. "आणि ते... शेगडीचं?"

"त्याचं तुमी बघा. मी काय इचारून राहिले व्हय?" असे म्हणून ती लाजली.

प्रज्ञेशला काहीच उमजेना. पण वाईट मात्र फार वाटले. इतकी गुणाची बायको, आणि आपण तिच्यापासून शेगडी लपवून राहिलो! लग्नाचा वाढदिवस तोंडावर आला होता आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे गडाकडे निघायचे होते. त्याने ठरवले की वाढदिवसाच्या संध्याकाळी शेगडी घरी न्यायची, तिच्या हातात द्यायची आणि खरे काय ते सांगून मोकळे व्हायचे.

एव्हाना बातमी पुसेगावला, त्याच्या बहिणीकडे पोहोचली होती. बहीण सत्यशीला, तिचा नवरा भिवाजी. भिवाजीचा कचेरीत फोन आला.

"जयभीम प्रज्ञेशराव. तुमी केलं ते चांगलंच केलं. पण माणसानं दुसऱ्याच्या घराचा बी विचार करावा. तुमची बहीण दोन दिसापून माझ्याशी बोलून राहिली न्हाई."

"काहून?"

"काहून म्हणून मलाच इचारता! आता मला बी तसलंच आणावं लागंल."

दाजीलाही डोंगराचा नाद लागला, या कल्पनेने प्रज्ञेश हरखून गेला. "अवो दाजी, खर्चात कशाला पडता? दोन घरांत एक बास होतं. आमचं झालं की तुमी न्या, तुमचं झालं की आमाला द्या."

 पलीकडे भिवाजीने फोन आपटला.

वाढदिवसाच्या संध्याकाळी प्रज्ञेश दुकानात गेला. सारखी उघडझाप करून शेगडीचे खोके फाटले होते. विश्वंभरने ड्रॉवरमधून लाल मखमलीची डबी काढली. "पिशवीत आपटून पाय मोडंल तिचा. यात ऱ्हाऊ दे, बराबर बसते." आणि बसलीही. गॅसचा डबा कचेरीच्या पिशवीत, मखमली डबी शर्टाच्या खिशात, अशा थाटात प्रज्ञेश घरी आला.

दारात चपलांचा ढीग होता. आत सत्यशीला होती, तोंड पाडून बसलेला भिवाजी होता, गल्लीतल्या आठ-दहा बायका घेऊन शकुंतलाबाई होत्या. मध्ये करुणा, ठेवणीतले जांभळे लुगडे नेसून, गळ्यातले चार मणी काढून ठेवून, मोकळ्या गळ्याने बसली होती.

"आला गं बाई!" कुणीतरी म्हणाले. सगळ्यांची नजर त्याच्या खिशावर खिळली. डबीचे लाल टोक वर आले होते.

"एवढी माणसं?" प्रज्ञेशने विचारले.

"लपवू नको आता, बाबा," जनकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "साडेचार तोळे हायत, सगळ्यांना ठाऊक हाय. घाल तिच्या गळ्यात."

तेव्हा प्रज्ञेशच्या डोक्यात उजेड पडला. तूप, पॉलिश, दाजीचा फोन, सगळ्याचा उलगडा एकदमच झाला.  पळून जावे म्हटले तर दारात चपला होत्या.

"आई, वजन बराबर हाय," तो कसाबसा म्हणाला, "पण..."

सत्यशीलाने डबी खिशातून काढून वहिनीच्या ओंजळीत ठेवलीदेखील. करुणाने डोळे मिटले, मग उघडले, मग डबी उघडली. शेगडीचे तीन पाय खट्ट करून बाहेर आले.

 शकुंतलाबाई चष्मा सावरत पुढे वाकल्या. "हा कोणता घाट म्हणायचा बाई?"

"पुण्याकडचा असंल," मागून एक बाई म्हणाली.

"दंडात घालायचं का याला?" सत्यशीलाने विचारले.

"शेगडी हाय," प्रज्ञेश जमिनीकडे बघत म्हणाला. "डोंगरावर चहा करायची."

भिवाजीच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रक्त आले. बायका एकमेकींना कोपरांनी ढोसू लागल्या. आता कुणीतरी हसणार, आणि पहिले हसू फुटले की ते गल्लीभर पुरणार, हे करुणाला दिसत होते. या घटकेला प्रज्ञेशला स्वतःची इतकी लाज वाटली की कुणी त्याला तोलले असते तर काटा हलला नसता.

"मग?" करुणा म्हणाली. "सोनं म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

 शकुंतलाबाई चष्मा पुसू लागल्या.

"मीच म्हणलं होतं ह्यांना. सोनं काय, कपाटात पडून ऱ्हातं. मला डोंगर बघायचाय. तिथं चहा करायला काहीतरी हलकं आणा म्हणलं." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज किंचित कापला, पण तो फक्त जनकाबाईंना ऐकू आला, आणि त्या खोकल्या.

"तू? डोंगरावर?" शकुंतलाबाईंनी विचारले.

"उद्याच चालले. अंगणात या, चहा घेऊन जा."

अंगणात गॅसच्या डब्यावर शेगडी बसली. जाळ निळा, बारीक आणि एकाग्र निघाला. पातेले लहान, चहा तीन-तीन कपांचा. सगळ्यांचा होईपर्यंत बोकडाच्या कंदुरीची अख्खी पंगत जेवून उठली असती. पण एकही बाई हलली नाही. प्रत्येकीने फुंकर मारून चहा प्यायला, शेगडी निवल्यावर ती तळहातावर घेऊन झेलून बघितली आणि "खरंच गं, वजनच लागत न्हाई," असे म्हणत घरी गेली. जाताना शकुंतलाबाई भिवाजीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "शिकलेल्या बायकांची हौसच निराळी असते." सत्यशीला नवऱ्याकडे पुन्हा रागाने बघू लागली.

अंगण मोकळे झाले. करुणा कप विसळत बसली. प्रज्ञेश फडके घेऊन तिच्याजवळ उकिडवा बसला आणि पुसू लागला. लग्नानंतर तो कप पुसायला पहिल्यांदाच बसला होता.

"करुणा, मला खरंच काही माहीत नव्हतं गं. मी घेतो खरं. यंदाच घेतो."

"घ्याल तवा घ्याल." ती कपाकडे बघत म्हणाली. "पण इतके दिस मी ते मनातल्या मनात घालून फिरले. लई शोभत होतं मला."

 प्रज्ञेशच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ते फडक्याने टिपले.

"रडू नका. उद्याचं सांगा," करुणा म्हणाली. "रणजीतच्या गाडीत तुमची जागा किती हाय?"

"एकच."

"दुसरी न्हाई होत?"

"रणजीत हाय ना गाडीत. त्यालाच दीड लागते."

"मग कसं करायचं? मी सगळ्या गल्लीला बोलून बसले. शकुंतलाकाकू पहाटे दारात उभी ऱ्हाऊन बघणार, माझी काय ती इज्जत उद्याच हाय." तिने शेवटचा कप त्याच्या हातात दिला, लुगड्याला हात पुसले आणि अंगणातली शेगडी उचलून तिचे तिन्ही पाय नीट मिटवले. "आत्याबाईंची गोळी उद्या तुमी जेवणाआधी द्यायची. दूधवाला सातला येतो. गाडी किती वाजता हाय?"

प्रज्ञेशने कप पुसून बाजूला ठेवला आणि वेळ सांगितली.