नाना वर बघून बोलतात

शहाणी माणसं व्हिडिओ काढताना मोबाइल डोळ्यांसमोर धरतात. पुढारी तो जरा खालून धरायला लावतात, म्हणजे छाती भरदार दिसते. आमचे शेजारी नाना मात्र जगावेगळे. त्यांना मोबाइल डोक्याच्या हातभर वर लागतो, आणि तो धरायला लागतो मी! "आखो वर, भाऊ, आखो वर!" म्हणजे अजून वर. खुर्चीवर उभं राहून माझे खांदे भरून येतात, तरी यांचं समाधान नाही.

नाना म्हणजे चोपड्याच्या शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. आवाज असा, की इथे आमच्या मेहरूणमध्ये 'सावधान' म्हणाले तर भुसावळला गाडी थांबावी. नेटवर टाकायच्या व्हिडिओत मात्र मान वर, डोळे किलकिले, सगळं टक्कल उघडं. खाली कुणीतरी लिहितंच, 'नाना, चष्मा माळ्यावर राहिला का?'

भरिताच्या व्हिडिओला तर कहर झाला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत ठेवलेली, धूर सरळ वर, आणि त्या धुरात मोबाइल धरून मी. भडकलोच.

"नाना, खालून काढू ना! रुबाबदार दिसाल."

"रुबाबच नको ना, भाऊ."

मग काड्या सारत त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा प्रशांत भांडून पुण्याला गेला. जाताना म्हणाला, 'नाना, तुम्ही जन्मभर माझ्याशी वरूनच बोललात.' तेव्हापासून तो त्यांचा फोन उचलत नाही.

"व्हिडिओ तरी बघेल," नाना म्हणाले. "त्याला कळू दे, बाप आता खाली बसेल शे, खालीच बसलाय."

मला फार वाईट वाटलं. तो व्हिडिओ मीच प्रशांतला पाठवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, 'काका, नाना एवढेसे कधी झाले?'

नानांनी ते चारदा वाचलं आणि हरखूनच गेले. "दिखस ना मी धाकला? मंग यी तो, येईलच!"

दिवाळी गेली, आखाजी गेली. प्रशांत काही आला नाही. पुन्हा उत्तरही नाही.

परवा नानांनी मला मोबाइल देऊन थेट गच्चीवर चढवलं. स्वतः खाली अंगणात पाटावर बसले, हात मांडीवर ठेवून. स्क्रीनवर ते जेमतेम बोटाएवढे दिसत होते.

"भाऊ," त्यांनी खालून विचारलं, "आता तरी पुरेसा लहान दिसतो का रे?"

मला रडू आवरेना. मी नुसतीच मान हलवली. एवढ्या उंचावरून ती त्यांना दिसली की नाही, कोण जाणे.