समाजाचा धाकटा

कोणताही समाज आपल्या वडीलधाऱ्यांवर उभा असतो, असे म्हणतात. ते खरे नाही. तो धाकट्यावर उभा असतो. वडीलधारे बसलेले असतात.

बुलावायोच्या ज्यू समाजाला हे पुरते उमगले होते. माणसे एकवीस, समित्या चौदा, सरासरी वय ब्याऐंशी (दोघींनी वय सांगायला नकार दिला, त्यांना सत्तर धरून). वल्हांडण सणाच्या जेवणाला सर्वांत लहान मुलाने उभे राहून, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे चार प्रश्न गायचे असतात. समाजातले शेवटचे खरे मूल आईबापांबरोबर पर्थला गेले, तेव्हा समितीने नोंदी तपासून उरलेल्यांत सर्वांत लहान निघालेल्या हायमी झिल्बरला या पदावर नेमले. त्याला तेवीस वर्षे झाली. हायमी आता सदुसष्टचा होता.

धाकट्याची कर्तव्ये नियमावलीत नीट लिहिलेली होती. प्रश्न स्टुलावर चढून गायचे (पुढे डॉक्टरी सल्ल्याने स्टुलाऐवजी पाट आला, घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस, वये एकोणनव्वद आणि एक्याण्णव). जेवणानंतर लपवलेला बेखमीर भाकरीचा तुकडा शोधायचा. (भाकरी जोहान्सबर्गहून बसने येते आणि उतरते ती तुकडे होऊनच, त्यामुळे ही तयारी आपोआप होते.) तो दरवर्षी सचिव फ्रीडा गोर्लिक यांच्या उशीखालीच असे, पण दहा मिनिटांच्या आत सापडू द्यायचा नाही असा संकेत होता. बक्षीस म्हणून रंगीत पेन्सिलींची पेटी. हायमीच्या कपाटात अशा बावीस पेट्या होत्या. एका वर्षी पेन्सिली मिळाल्या नाहीत, तेव्हा भोवरा दिला होता.

हायमी दरवर्षी कुरकुरे. "फ्रीडामावशी, तिकडे परदेशात माझा नातू दाढी करायला लागलाय."

"ते तुझ्या घरचं झालं, हायमेले. इथे तू धाकटाच. आणि हळू बोल, मोठी माणसं बसलीत."

या वर्षी लुसाकाहून दातांचे डॉक्टर सेल्विन ओगुस बुलावायोत राहायला आले. विधुर, वय पासष्ट. हायमीने त्याच दिवशी पदमुक्तीचा अर्ज केला. समितीने तो एकमताने मंजूर केला (हायमीला मत नव्हते, बालकांना नसते).

फ्रीडामावशी स्वतः आदेश घेऊन घरी आल्या. हायमीला यापुढे हातांची खुर्ची, गुडघ्यांवर शाल आणि पहिल्या वाढीचे सूप मिळणार होते. सोबत एक गुलाबी कागद होता.

"हा कसला?"

"दफनभूमीतल्या जागेचा. ऊन की सावली, खूण करा."

"मावशी, मला हे कधी विचारलं नव्हतं."

"नियम नऊ. बालकांच्या नावाने जागा राखून ठेवत नाहीत. आता तुम्ही मोठे झालात, मिस्टर झिल्बर."

हायमी कागदाकडे पाहत राहिला. ऊन-सावलीपेक्षा ते 'मिस्टर' त्याला जास्त लागले. त्याला लाडाने हायमेले म्हणणारे जगात दुसरे कोणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने समितीला लेखी कळवले की वडिलांनी शाळेत लवकर घालता यावे म्हणून आपले वय तीन वर्षे वाढवून सांगितले होते. आपण वास्तविक चौसष्टचे. डॉ. ओगुस यांनी एव्हाना गुलाबी कागदाविषयी ऐकले होते. त्यांनीही लगेच कळवले की आपल्या वडिलांनी चार वर्षे वाढवली होती. समितीने दोन्ही दिवंगत वडिलांचा निषेध नोंदवला आणि ठरवले की प्रश्न दोघांनी दोन-दोन वाटून घ्यावेत. तुकडा ज्याला सापडेल तो धाकटा.

जेवणे झाली आणि दोघे टेबलाखाली शिरले. एकूण वय एकशे बत्तीस (निवेदनांनुसार एकशे पंचवीस). डॉक्टर डावीकडून सुरुवात करून, दाढा तपासाव्यात तसे एकेक पाय तपासत निघाले. हायमी सरळ फ्रीडामावशींच्या खुर्चीकडे रांगला. उशीखाली हात घातला. काहीच नव्हते.

"मावशी," तो खालून हळूच म्हणाला, "जागा बदललीत?"

"मोठ्या माणसांना सांगत नसतात."

"आणि लहानांना?"

डॉक्टर चौथ्या जोडीपर्यंत आले होते. मग मावशींच्या मांडीवरचा रुमाल घसरला आणि हायमीच्या पुढ्यात पडला. तुकडा आत होता. (रुमाल वाऱ्याने पडला, असे इतिवृत्तात आहे. खिडक्या बंद होत्या, असेही आहे.)

"बाहेर ये, हायमेले. कपडे मळतील."

बाहेर यायला त्याला नऊ मिनिटे लागली. त्याला पेन्सिलींची पेटी मिळाली, डॉक्टरांना हातांची खुर्ची. डॉक्टरांनी सावलीवर खूण केली.

वाचकांना या सगळ्याचे हसू आले असेल तर समितीची हरकत नाही. तिचे एवढेच विचारणे आहे की, तुम्हाला 'हळू बोल' म्हणून दटावणारे घरात अजून कोणी बसले आहे ना? नसेल, तर गुलाबी कागद तुमच्या पत्त्यावर निघालेला आहे. बाकी सगळे भरलेलेच असते. ऊन की सावली, एवढीच खूण करायची.